आधी माती, मग पाटी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान, दुसऱ्या दिवशी पोरांच्या बैलांचा. हे बैल लाकडाचे, नाहीतर मातीचे. पोरं ते सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा सण समजावून सांगावा लागतो. चंद्रपूर-गडचिरोलीत तो तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतो. म्हणून इथल्या अंगणवाडीत हाताच्या कामाला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: मातीच्या बैलापासून. फक्त एक अडचण आहे. बैल लागतो श्रावण सरताना, आणि त्याची माती आणावी लागते मे महिन्यात.

पावसाळ्यात तलाव भरलेले असतात, तेव्हा हवी ती माती हाती लागत नाही. या भागात तलावांना तोटा नाही. मालगुजारांच्या काळातल्या तलावांना सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि बोलताना सरळ 'मामा तलाव'. उन्हाळ्यात त्यांचा तळ उघडा पडतो, भेगाळतो. तिथला काळसर चिकण गाळ दोन घमेली भरून आणला की वर्षाची बेगमी होते. तो वाळवायचा, ढेकळं फोडायची आणि चाळणीतून काढायचा, कारण गाळात काटे, काचा, शिंपल्यांचे धारदार तुकडे असतात. चाळलेली माती पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवून द्यायची.

पोळा आठवड्यावर आला की ती गंजात भिजत घालायची. दुसऱ्या दिवशी वर साचलेलं निवळ पाणी ओतून द्यायचं, एक दिवस मुरू द्यायची, मग मळायची. मळताना मूठभर बारीक वाळू किंवा चाळलेली राख घालावी. नुसती चिकणमाती वाळताना आकसते आणि तडकते. वाळूचे कण तिला आतून धरून ठेवतात. माती जमली की नाही हे बघायची सोपी रीत आहे. करंगळीएवढी वळी करायची आणि बोटाला अंगठीसारखी गुंडाळायची. वळी फाटली तर पाणी कमी, बोटाला चिकटून बसली तर पाणी जास्त. ही परीक्षा पाच वर्षांची मुलं स्वतः घेऊ शकतात, आणि त्यांना ती घेऊ द्यावी. मोठ्यांचं एक खरं काम आपल्याकडे सोपवलंय, हे मुलांना लगेच कळतं.

आता बैल. तीन वर्षांचं मूल बैल करत नाही. ते माती थापटतं, तिच्यात बोट खुपसतं, लचका तोडतं, वास घेतं, जमलं तर जिभेलाही लावून बघतं. त्याला 'बैल कर' म्हणण्यात अर्थ नाही. त्याचं काम चालूच आहे. (एखादं मूल मात्र रोज, चोरून माती खात असेल तर तो खोडकरपणा समजू नये. रक्तात लोह कमी असलेली मुलं अशी माती खाताना दिसतात. आरोग्य तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं.) चौथ्या वर्षाच्या आसपास दोन गोष्टी येतात: दोन तळव्यांत फिरवून गोळा, आणि जमिनीवर लाटून वळी. पाचव्या वर्षी त्या गोळ्याला पाय फुटतात.

पाय फुटतात हे शब्दशः घ्यावं. मुलं दोन रीतींनी बैल करतात. काही मुलं धड वेगळं, पाय वेगळे, शिंगं वेगळी करून चिकटवतात. काही एकाच गोळ्यातून ओढून सगळे अवयव बाहेर काढतात. दुसरी रीत टिकाऊ, कारण तिच्यात जोडच नसतो. पहिल्या रीतीचे पाय वाळताना गळून पडतात आणि रडारड होते. ती टाळायची तर जोडाच्या दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे, त्यांवर पातळ चिखल लावायचा आणि मग दाबायचं. हे एकदाच करून दाखवावं. पाय आखूड आणि जाड असावेत, हे मात्र दाखवायची गरज नाही. पहिला बैल पोटावर बसला की दुसऱ्याचे पाय आपोआप जाड होतात.

सगळ्यात शेवटी वशिंड. पाठीवर माती चिमटीत धरून वर खेचायची: अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाचा आधार. जवळ बसून ती तीन बोटं बघा. पुढे पेन्सिल धरणार ती हीच तीन बोटं, आणि जवळजवळ अशीच. फरक एवढाच की पेन्सिल कोवळ्या बोटांना दमवते, माती त्यांना ताकद देते.

यामागे शरीराचं साधं कारण आहे. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, कूर्चा असते. वर्षामागून वर्ष एकेक हाड पक्कं होत जातं, आणि शेवटचं पक्कं व्हायला आठ ते बारा वर्षं लागतात. हाताचा ताबासुद्धा वरून खाली येतो: आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि सर्वांत शेवटी बोटांची टोकं. म्हणून लहान मुलाला चित्र काढायला वहीचं पान अपुरं पडतं. त्याला सारवलेलं अंगण द्यावं, खडू द्यावा, नाहीतर विझलेला कोळसा. पूर्ण हात फिरवून ते गरगर गोळे काढतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक दिवस त्या भेंडोळ्यातली रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते. बंद गोल तयार होतो. मग त्या गोलाला डोळे येतात, आणि नंतर डोक्यालाच थेट पाय. या चित्रातल्या माणसाला पोट नसतं म्हणून हसू नये. जगभरची मुलं माणूस आधी असाच काढतात.

ही हातापासून सुरुवात करण्याची कल्पना आपल्याकडे आली ती इटलीतून. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, आणि खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवणारी, ठोकळे रचणारी, डब्यांचे आवाज जुळवणारी मुलं जगाला दाखवली. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी ती पद्धत मराठीत आणली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पण ताराबाईंच्या लक्षात एक अडचण आली: माँटेसरीची साधनं महाग, आणि आपली बहुतेक मुलं खेड्यात. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बरोबर अनुताई वाघ होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. साधनंही तिथलीच: शिंपले, बिया, पानं, खडे. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव पोहोचलं. नाव सगळीकडे गेलं, शिंपले आणि बिया मात्र बऱ्याच ठिकाणी मागेच राहिल्या, असं मला वाटतं.

कोसबाड राज्याच्या पश्चिम टोकाला, गडचिरोलीतलं भामरागड पूर्व टोकाला. कोसबाडहून इकडे येताना एक गोष्ट बदलते, ती म्हणजे भाषा. एका पाण्याचंच बघा. गडचिरोलीत माडिया आणि गोंड घरातलं मूल पाण्याला येर किंवा एर म्हणतं. सिरोंच्यात तेलुगू बोलणाऱ्या घरात नीळ्ळू. मुलचेरा-चामोर्शीकडे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्या वस्त्या आहेत, तिथे जोल. कोरचीकडे छत्तीसगढी घरांत पानी. चंद्रपूरच्या जिवती भागातल्या कोलाम पोराला ईर. अंगणवाडीतल्या तक्त्यावर घागरीचं चित्र असतं आणि खाली छापलेलं असतं 'पाणी'. सेविका बहुधा गावचीच असते, तिला घरची बोली येते. पण गाणी, गोष्टी, तक्ते मराठीत. तीन वर्षांच्या मुलाला चित्र दाखवून 'हे काय?' विचारलं तर ते गप्प बसतं, आणि तपासायला आलेला साहेब लिहून नेतो की मुलं बोलत नाहीत.

याच जागी हाताचं काम उपयोगी पडतं. घागर चित्रात नको, समोर ठेवा. दोन वाट्या, एक गाळणी, एक करवंटी द्या. मूल ओततं, सांडतं, भरतं आणि आपणहून म्हणतं, 'येर!' मग बाईंनी म्हणायचं, 'हो, येर. पाणी.' दोन्ही शब्द एकाच ओल्या हातावर पडतात. आधीचा शब्द चूक होता असं कुठेही सुचवावं लागत नाही. मराठीची सुरुवात इतकी सोपी असू शकते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे चाचपण्याची पिशवी. जुन्या लुगड्याची, तोंडाला नाडी असलेली पिशवी शिवायची. आत जंगलातल्या वस्तूंच्या जोड्या टाकायच्या: दोन हिरडे, दोन बेहडे, आंब्याच्या दोन कोयी, दोन गुळगुळीत गोटे. एक हिरडा बाहेर काढून मुलाच्या डाव्या हातात द्यायचा. उजव्या हाताने, न बघता, त्याचा जोडीदार शोधायचा. हिरड्याला उभ्या कडा असतात, बेहडा गोलसर आणि वरून मऊसर. डोळ्यांनी बघितलं तर फरक क्षणात कळतो. बोटांनी शोधायचं म्हटलं की मूल थबकतं, तोंड थोडं उघडं राहतं, नजर कुठेतरी छपराकडे जाते. त्या क्षणी बोलू नये, घाईही करू नये. बोटांनी जे ओळखलं त्याला नाव त्यानंतर द्यावं: खरखरीत, गुळगुळीत, टोकदार, गोल. हे शब्द तक्त्यावरून शिकवायला महिना लागतो.

खरखरीत-गुळगुळीतसाठी पॉलिश कागद विकत आणायची गरज नाही. सागाच्या जून पानाचा वरचा पृष्ठभाग खरबरीत असतो. त्याच्या शेजारी केळीचं पान ठेवा. पानांचे ढीग लावायचे तर पळस हाताशी आहेच. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण इथे पाच वर्षांची मुलं मोजून तपासतात. मग कुणीतरी बेलाचं पान आणतं, त्यालाही तीनच निघतात, आणि चर्चा सुरू होते.

आवाजाच्या डब्यांसाठी बांबूइतकी सोय कशाचीच नाही. बांबूचं पेर एका बाजूला गाठीने आपोआप बंद असतं. दुसऱ्या बाजूला कापडाचा बोळा घट्ट बसवला की डबी तयार. पण बांबू निवडून घ्यावा. इथला मानवेल भरीव, जाड भिंतीचा, त्यात पोकळी कमी. काटांग पोकळ, तो या कामाला बरा. कापलेली कड घासून बोथट केल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नये. बांबूची चीप पात्यासारखी कापते. दोन पेरांत वाळू, दोनांत धान, दोनांत चिंचोके. हलवायचं, ऐकायचं, जोडी लावायची. धान आणि वाळू यांत घोटाळा होतो, आणि गंमत त्यातच आहे.

रंगांसाठी फाल्गुन गाठावा. पळस फुललेला असतो, खाली फुलांचा सडा. फुलं वाळवून कोमट पाण्यात रात्रभर ठेवली की पिवळसर केशरी पाणी सुटतं. चिमूटभर खायचा सोडा टाकला की ते गडद होतं. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल रंग उतरतो. हे शिकवावं लागत नाही, मुलं शेंबडी असल्यापासून करत आलेली असतात. काळ्यासाठी कोळसा, तांबड्यासाठी गेरू. कूची म्हणजे कडुनिंबाचं दातवण, एक टोक चावून फुलवलेलं, नाहीतर शिंदीच्या पानाचा देठ ठेचून.

आणि हळद. एका वाटीत हळदीचं पाणी, पांढऱ्या कापडाचा तुकडा त्यात बुडवून वाळवलेला. मुलाने त्यावर साबणाच्या पाण्यात बोट बुडवून रेघ ओढायची. पिवळ्यावर लाल रेघ उमटते. खोलीत एकदम शांतता होते, मग सगळ्यांना एकाच वेळी तेच हवं असतं. नंतर त्याच रेघेवर चिंचेचं पाणी लावायचं: लाल पुसलं जातं, पिवळं परत येतं. हळदीतलं रंगद्रव्य साबणासारख्या क्षारी पदार्थात लाल होतं आणि आंबटाने मूळ रंगावर येतं, एवढंच त्यामागे आहे. पण चार वर्षांच्या मुलाला कारण सांगू नये. त्याला आणखी दहा रेघा ओढू द्याव्यात. चुन्यानेही हळद लालभडक होते, कुंकवासारखी, पण चुना डोळ्यात गेला तर इजा करतो. मुलांच्या हाती साबणच बरा.

जंगलातून साधनं आणायची म्हणजे जंगल माहीत हवं. गुंज दिसायला इतकी देखणी की प्रत्येक हौशी माणूस ती मुलांच्या मण्यांसाठी घेऊन येतो. लाल, वर काळा ठिपका. अख्खी असली तर कठीण सालीमुळे बहुतेक वेळा निभावतं. फुटलेली, चावलेली किंवा दोऱ्यासाठी भोक पाडलेली गुंज मात्र जीवघेणी. अंगणवाडीच्या उंबऱ्याच्या आत ती येऊच नये. बिब्ब्याचं तेल कातडीवर फोड आणतं. चंद्रज्योत आणि एरंडीच्या विषारी बिया शेंगदाण्यासारख्या समजून मुलं खातात. काजऱ्याची चपटी, बटणासारखी बी खेळायला छान दिसते. ती कुचला आहे, विषारी. खाजकुइरीची शेंग ओळखत नसाल तर शेंगा गोळा करायला मुलांना पाठवू नका. आणि बी बिनविषारी असली तरी तीन वर्षांचं मूल ती नाकात किंवा कानात घालतंच. म्हणून लहानांना आंब्याची कोय, बेलफळ, मोठे गोटे. चिंचोके मोठ्यांनाच, तेही मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे.

मार्च-एप्रिलमध्ये हजेरी घटते. मोह पडत असतो. पहाटे आई टोपली घेऊन निघते आणि पोर तिच्या मागे. वहीत गैरहजेरी लागते, पण झाडाखाली ते पोर काय करत असतं? पाचोळ्यातून फिकट, रसाळ फूल चिमटीत उचलायचं, चिरडू द्यायचं नाही, टोपलीत टाकायचं. शेकडो वेळा. परत आल्यावर याच मुलाच्या हाती जाड रेघांचा कागद देऊन ठिपके जोडायला लावणं मला फारसं शहाणपणाचं वाटत नाही. त्याला वीस मोहफुलं आणि चार द्रोण द्यावेत, वाटणी करायला सांगावं.

अडचणी खऱ्या आहेत. सेविकेला वजनं घ्यायची असतात, आहार वाटायचा असतो, रजिस्टरं भरायची असतात, आणि २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर'वर मोबाईलमधून माहितीही चढवायची असते. डोंगराआडच्या गावात त्यासाठी रेंज शोधत हिंडावं लागतं. वीस-पंचवीस मुलांना एकाच वेळी माती दिली तर चिखलच होणार. म्हणून सहा मुलं तिच्याजवळ मातीशी, बाकीची दाराबाहेर वाळूत किंवा पाण्याच्या टपाशी मदतनीस ताईंच्या नजरेखाली, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. राज्याच्या 'आकार' अभ्यासक्रमात अशा कृतींना जागा आहे, आणि २०२३ मध्ये केंद्राची 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची पेटीही आली. पेटी चांगलीच आहे. मात्र नवी खेळणी हरवतील या भीतीने ती कपाटात गेली, तर ती नसल्यात जमा.

आणखी एक खटकणारी गोष्ट. पाहुणे येणार म्हटलं की भिंतीवर थर्माकोलची फुलं, कापसाचे ससे आणि वारली चित्रं लागतात. सगळं सेविकेने रात्री जागून केलेलं. वारली सुंदरच, पण ती पालघरची. इथल्या गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घराच्या, कोरीव खांबांकडे, घराच्या भिंतीवर आईने बोटांनी ओढलेल्या सारवणाच्या नक्षीकडे कुणी बघत नाही. आणि मुलाचा वाकडा बैल सरळ करायला सेविकेचा हात शिवशिवतो, तेव्हा तिने तो पाठीमागे धरावा. दुरुस्त केलेला बैल मूल घरी नेत नाही.

'बाई, मातीतच खेलवता का? लिवाले कवा शिकवता?' हे आया विचारणारच. तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंट निघालेलं असतं, तिथे तीन वर्षांचं पोर एबीसीडी गिरवतं. आईला व्याख्यान देऊ नये. तिला मातीशी बसवावं. वळी लाटायची, जमिनीवर वाकवायची: ट होतो. टोकाला छोटा वेढा दिला की ढ. परातीत बारीक वाळू पसरून त्यात बोटाने तेच ओढायचं; चुकलं तर परात हलवली की पाटी कोरी. मग खडू, मग पेन्सिल. मूल मुळाक्षरांच्या क्रमाने जात नाही, वळणाच्या क्रमाने जातं. आईच्या हाती आलेला ट पाहिला की पुढचा प्रश्न बहुधा वेगळा असतो: ही माती कुठली?

बैल तयार झाले की सावलीत, तणसावर वाळत ठेवायचे. उन्हात ठेवले तर वरची साल आधी वाळते, आतला गाभा ओलाच राहतो आणि पाठ उकलते. तीन-चार दिवसांनी गेरू, चुन्याची पांढरी बोटं (ती बाईंनी लावायची), शिंगांना हळद. आणि उरलेली माती फेकायची नाही. तिचे नारळाएवढे गोळे करायचे, प्रत्येकात अंगठ्याने खोल खळगा पाडायचा, खळगा पाण्याने भरायचा, वर ओलं पोतं टाकायचं. अंगठा कुणाचा, यावर रोज भांडण होतं. म्हणून गोळे जितकी मुलं तितके करावेत.